हृदयपालट आणि साक्ष

वाल्याचा वाल्मीकी झाला, अंगुलिमालाने शस्त्र टाकून भिक्षापात्र हाती घेतले, दमास्कसच्या वाटेवर शौलाचा पौल झाला. छळणाऱ्याच्या हृदयपालटाच्या ह्या कथा निरनिराळ्या धर्मांतल्या असल्या तरी त्या ऐकताना श्रोत्याच्या मनात उठणारा तरंग एकच असतो. सज्जनाच्या सज्जनपणाने आपण संतोष पावतो. दुर्जनाच्या पालटाने मात्र आपल्याला स्वतःविषयीही आशा वाटू लागते. ह्याच कारणाने अशा कथेच्या बाबतीत टीकाकाराने अधिक सावध असले पाहिजे. जी कथा ऐकण्यास आपण आधीपासूनच उत्सुक असतो, तिची पारख आपल्या हातून बहुधा सैल होते.

हा विचार आमच्या मनात बळावण्यास एक निमित्त घडले. सोव्हिएट राजवटीत ख्रिस्ती लोकांच्या झालेल्या छळाविषयी बोलत असता एका अध्यापकमित्राने सर्गेई कुर्डाकोव्ह ह्याच्या आत्मकथनाचा उल्लेख केला आणि आम्हांस विचारले, "हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे की नाही?" प्रश्न साधा दिसला तरी त्याचे उत्तर एका शब्दात देता येईना. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

कुर्डाकोव्हचे कथन १९७३ साली इंग्रजीत 'द पर्सिक्यूटर' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे ते 'फर्गिव्ह मी, नताशा' ह्याही नावाने वाचकांपुढे आले. त्याचा आशय थोडक्यात असा. सायबेरियातील एक पोरका मुलगा सरकारी अनाथगृहांत वाढतो. बळी तो कान पिळी हा तेथील एकमेव धडा तो उत्तम रीतीने गिरवतो. पुढे नौदलाच्या विद्यालयात शिकत असता, कामचाटका द्वीपकल्पातील पेट्रोपाव्हलोव्हस्क ह्या गावी, तो तरुण कम्युनिस्टांचा पुढारी होतो आणि पोलिसांच्या सांगण्यावरून दांडग्या विद्यार्थ्यांची एक टोळी जमवतो. गुप्तपणे प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या बैठकांवर छापे घालावयाचे, त्यांना झोडपावयाचे आणि त्यांचे ग्रंथ जप्त करावयाचे, हे ह्या टोळीचे काम. असे दीडशेहून अधिक छापे आपण घातले, असे तो सांगतो. नताशा नावाची एक तरुणी जबर मार खाऊनही पुन्हा पुन्हा त्या बैठकांत आढळते आणि त्याचे मन प्रथम डळमळते. जप्त केलेल्या हस्तलिखितांतील लूकच्या शुभवर्तमानाचा एक उतारा तो वाचतो. एका छाप्यात तो एका वृद्धेवर दंडुका उगारतो आणि ती आपल्यासाठीच प्रार्थना करीत आहे असे त्याच्या कानी पडते. सप्टेंबर १९७१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तो आपल्या जहाजावरून समुद्रात उडी घेतो, पोहत किनारा गाठतो आणि आश्रय मागतो. कॅनडात व अमेरिकेत सभांतून तो आपली कहाणी सांगू लागतो. १ जानेवारी १९७३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. चौकशीअंती तो मृत्यू अपघाती ठरविण्यात आला. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा निवेदक हयात नव्हता.

ह्या ग्रंथाची पकड नाकारण्यात अर्थ नाही. कथन वेगवान आहे. अनाथगृहापासून समुद्रातील उडीपर्यंत प्रसंगांची चढण नेटकी रचलेली आहे. परंतु दुसऱ्या वाचनात एक उणीव आमच्या ध्यानात आली आणि ती पुढे डोळ्यांआड होईना. ज्यांचा छळ झाला ती माणसे ह्या पुस्तकात जवळजवळ मुकी आहेत. ती जमतात, प्रार्थना करतात, मार खातात आणि क्षमा करतात. ती कोणत्या पंथाची होती, एकमेकांशी कशाविषयी वाद घालीत होती, कारखान्यातून घरी परतल्यावर मुलांना काय सांगत होती, ह्याविषयी आपल्या हाती फारसे काही लागत नाही. निवेदकाच्या आत्म्याचा इतिहास उजळण्यापुरतेच त्यांचे प्रयोजन उरते. दुसरे शीर्षक तर नताशाला उद्देशून केलेली क्षमायाचनाच आहे. परंतु जिच्याकडे क्षमा मागितली ती मात्र संपूर्ण ग्रंथात उत्तर देत नाही आणि देऊ शकतही नाही. तिच्या वतीने क्षमा करण्याचे काम दूरदेशीच्या वाचकाकडे येते, आणि ज्याने मार खाल्लेला नाही त्याला क्षमा करणे किती सोपे असते हे सांगावयास नको.

आता ह्याहून गंभीर भाग. ह्या कथनाच्या सत्यतेविषयी शंका घेण्यात आल्या आहेत. कुर्डाकोव्हच्या कहाणीने भारावलेल्या एका अमेरिकन लेखिकेने त्याच्या जीवनाचा माग काढण्यासाठी रशियात जाऊन त्याला ओळखणाऱ्या माणसांच्या भेटी घेतल्या. ह्या शोधावर आधारलेला 'फर्गिव्ह मी, सर्गेई' हा माहितीपट २००४ साली तयार झाला. ग्रंथातील मुख्य दाव्यांना त्या शोधात पाठबळ मिळाले नाही; उलट ते दावे नाकारणारी माणसे भेटली. नाकारणाऱ्यांपाशीही नाकारण्याची कारणे असू शकतात, हे खरे. आपल्या वर्गातील मुले प्रार्थना करणाऱ्या बायकांना झोडपीत होती असे कोण आपखुशीने कबूल करील? तथापि दीडशे छाप्यांची हकीकत सांगणाऱ्या ग्रंथाला त्यांपैकी एकाही छाप्यात सापडलेल्या माणसाची स्वतंत्र साक्ष जोडलेली नसावी, ही गोष्ट टीकाकाराला दृष्टीआड करता येत नाही.

येथे वाचक दोन प्रकारे चुकू शकतो. पहिला वाचक म्हणतो, "गोष्ट बोधप्रद आहे ना? मग ती घडली की नाही हे कशाला विचारावे?" दुसरा म्हणतो, "गोष्ट बनावट निघाली. म्हणजे छळाची हाकाटीही बनावटच." आमच्या मते ह्या दोघांची चूक एकच आहे. एका सुरस कथेच्या खांद्यावर संपूर्ण इतिहासाचे ओझे असते, असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः हा इतिहास त्या कथेवर मुळीच अवलंबून नाही.

तो इतिहास अन्यत्र नोंदलेला आहे. १९१८ च्या हुकुमाने राज्य व चर्च वेगळे करण्यात आले आणि चर्चचा मालमत्तेवरील हक्क काढून घेण्यात आला. १९२२ साली दुष्काळनिवारणाच्या निमित्ताने चर्चमधील मौल्यवान वस्तू जप्त झाल्या. त्याच वर्षी पेट्रोग्राडचे मेट्रोपॉलिटन वेनियामिन ह्यांना खटला चालवून गोळी घालण्यात आली. १९२९ च्या कायद्याने नोंदणीशिवाय उपासनेस बंदी आली. दानधर्म, वाचनालये व मुलांच्या प्रार्थनासभा ह्यांनाही मज्जाव झाला. ५ डिसेंबर १९३१ रोजी मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे भव्य कॅथीड्रल सुरुंगाने उडवण्यात आले. इतके होऊनही १९३७ च्या जनगणनेत प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक माणसांनी आपण श्रद्धाळू असल्याचे सांगितले, आणि ती जनगणनाच दडपण्यात आली. मॉस्कोजवळच्या बुटोवो येथील मैदानात ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ ह्या काळात २०,७६१ माणसांना गोळ्या घालण्यात आल्याची नोंद आहे. त्यांत शेकडो धर्मगुरू व चर्चसेवक होते. युद्धकाळात, १९४३ साली, स्टालिनने चर्चला काहीशी मोकळीक दिली. परंतु १९५८ ते १९६४ ह्या वर्षांत ख्रुश्चेव्हच्या राजवटीत हजारो चर्चे पुन्हा बंद झाली.

ह्याच मोहिमेच्या काळात बाप्टिस्ट पंथीयांत फूट पडली. लहान मुलांना उपासनेस येऊ देऊ नये, तरुणांचा बाप्तिस्मा शक्य तितका टाळावा, अशा सूचना १९६० साली त्यांच्याच मान्यताप्राप्त मध्यवर्ती मंडळाकडून निघाल्या. ज्यांनी त्या मानल्या नाहीत ते १९६१ पासून नोंदणीबाहेर राहिले आणि तुरुंगाची वाट चालू लागले. कुर्डाकोव्हच्या ग्रंथातील निनावी माणसे ह्याच प्रकारची असावीत. त्या माणसांनी स्वतः काय लिहिले, हे पाहिले की आपण एका अगदी वेगळ्या वाङ्मयाच्या दारात उभे राहतो.

१९६४ साली त्यांनी कैद्यांच्या नातेवाइकांचे एक मंडळ स्थापन केले. त्यात मुख्यत्वे स्त्रिया होत्या. ह्या मंडळाने कैद्यांच्या याद्या तयार केल्या. नाव, जन्मवर्ष, अटकेची तारीख, कायद्याचे कलम, शिक्षेची मुदत, घरी मागे राहिलेली माणसे. यादीत विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही. ह्याच वर्षाच्या प्रारंभी सायबेरियातील बार्नाऊलच्या तुरुंगात निकोलाय ख्मारा हा बाप्टिस्ट मरण पावला. त्याच्या शरीरावर यातनांच्या खुणा कशा होत्या, हे त्याच्या सहधर्मीयांनी लिहून ठेवले. १९६८ साली लेनिनग्राडमध्ये आयडा स्क्रिप्निकोवा ह्या तरुणीवर सोव्हिएट व्यवस्थेच्या बदनामीचा खटला झाला व तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याचे टिपण गुप्तपणे बाहेर आले आणि १९७२ साली इंग्रजीत ग्रंथरूप झाले. ते टिपण आम्हांस कुर्डाकोव्हच्या सर्व छाप्यांहून अधिक भेदक वाटते. तेथे न्यायाधीश कागदांविषयी विचारतो: कोणते कागद, कोणाला दिले, कशासाठी दिले. मुलगी उत्तरे देते. त्या सपाट प्रश्नोत्तरांत एक राजवट आपल्या नागरिकाच्या अंतःकरणाशी कारकुनी भाषेत कशी भांडते, ते स्पष्ट दिसते. बहुसंख्य श्रद्धाळूंच्या वाट्याला आलेला छळ ह्याच जातीचा होता: दंड, कामावरून काढणे, मुले हिरावून घेण्याची धमकी, तीन किंवा पाच वर्षांची कैद. दंडुक्याच्या चित्तथरारक कथेमुळे हा कागदी छळ आपल्या नजरेतून सुटतो, हे अशा कथेचे दुसरे नुकसान होय.

मग छळणाऱ्याच्या हृदयपालटाचे काय? तो विषयच सोडून द्यावा काय? तसे आम्ही म्हणत नाही. त्या विषयाचे खरे दर्शन दुसऱ्या रशियन ग्रंथांत घडते, आणि त्यांत चमत्कार मुळीच नाही. कुर्डाकोव्हचे पुस्तक निघाले त्याच १९७३ साली, वर्षाच्या अखेरीस, सोल्झेनित्सिन ह्यांच्या 'गुलाग द्वीपसमूह' ह्या ग्रंथाचा पहिला खंड पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौकशी अधिकाऱ्यांविषयी एक प्रकरण आहे. तेथे लेखक शत्रूचे चित्र रेखाटता रेखाटता थांबतो आणि स्वतःकडे वळतो. विद्यापीठात असता गुप्त पोलिसांच्या शाळेत जाण्याचे बोलावणे आपल्या पिढीलाही आले होते, आणि जोराचा आग्रह झाला असता तर आपण गेलोही असतो, असे तो कबूल करतो. अटक झाल्यावरदेखील आपल्या अधिकारपदाचा ताठा कसा गेला नव्हता, आपली पेटी आपण एका जर्मन कैद्याला कशी वाहावयास लावली, हे तो सांगतो. येथे वाचकाला दिपविणारे काही नाही. एक पेटी, एक दमलेला कैदी आणि कित्येक वर्षांनी आलेली शरम. परंतु हा कबुलीजबाब आपण ताबडतोब खरा मानतो, कारण त्यात लेखकाला काही मिळत नाही. त्याचे पुढारीपण त्यामुळे उणेच होते.

दुसरे उदाहरण वासिली ग्रोसमन ह्यांच्या 'सारे वाहते आहे' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीतले. तिचा विषय धर्मछळाचा नाही. परंतु आमच्या प्रश्नाचा गाभा तिच्यात आहे. ग्रोसमन १९६४ साली वारले आणि कादंबरी १९७० साली परदेशात छापली गेली. तिच्यात आन्ना सर्गेयेव्ना नावाची स्त्री आहे. युक्रेनमधील शेतकऱ्यांना नागवणाऱ्या मोहिमेत ती तरुणपणी सामील होती. १९३२-३३ चा दुष्काळ तिने डोळ्यांनी पाहिला. ही हकीकत ती सांगते ती सभेत नव्हे, तर छावण्यांत सुमारे तीस वर्षे काढून परतलेल्या इव्हान ग्रिगोर्येविचला, रात्रीच्या वेळी, एका खोलीत. ऐकणारा स्वतः सोसलेला आहे. तो न्याय देत नाही आणि टाळ्याही वाजवीत नाही, ऐकून घेतो. आमच्या मते पश्चात्तापाला वाङ्मयात जितके मोठे स्थान मिळू शकते, ते ग्रोसमन ह्यांनी त्या खोलीत दिले आहे. कथा कल्पित असूनही ती सत्याच्या नियमाने चालते, तर कुर्डाकोव्हचे कथन सत्य म्हणून पुढे येऊनही नाटकाच्या नियमाने चालते.

ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक कसोटी हाती येते. हृदयपालटाची साक्ष पालटलेल्या माणसाने एकट्याने देऊन भागत नाही. ज्यांचे त्याने वाईट केले त्यांच्या दृष्टीसमोर तो उभा राहिला काय, किंवा निदान त्यांना बोलण्यास जागा ठेवली काय, हे पाहावे लागते. मराठी परंपरेला ही कसोटी परकी नाही. महिपतींनी सांगितलेल्या तुकाराम-चरित्रात वाघोलीचे रामेश्वरभट्ट तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावतात. पुढे त्यांच्या अंगाचा दाह होतो, तुकोबांच्या अभंगाने तो शमतो आणि ते तुकोबांचे भक्त होतात. चमत्काराचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला तरी कथेची घडण पाहण्यासारखी आहे. ज्याचे शब्द बुडविले त्याच्याच पायाशी ते आले आणि ज्या समाजाने आधीचा अहंकार पाहिला होता त्याच समाजात त्यांनी तुकोबांची स्तुती गायिली. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी छळणारे नव्हते. १८५४ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनाच पुष्कळ सोसावे लागले. परंतु त्यांच्या 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रालाही आमची कसोटी लागू पडते. ते त्यांनी मराठीत लिहिले, म्हणजे त्यांना ओळखणाऱ्या व त्यांच्यावर रागावलेल्या लोकांच्या भाषेत. ग्रंथातील विधान खोटे निघाले असते तर "असे घडले नाही" असे म्हणावयास आप्तेष्ट आणि शेजारी जवळच होते. ही सोय कुर्डाकोव्हच्या श्रोत्यांना नव्हती. त्याची कहाणी हजारो मैलांवर, अनोळखी माणसांत, परक्या भाषेत ग्रंथरूप झाली. त्याला नाकारू शकणारा किंवा क्षमा करू शकणारा कोणीही त्या सभांत बसलेला नव्हता.

ह्यात त्या अभागी तरुणाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. विशीतला एक पोरका मुलगा देश सोडून आला. ज्यांनी त्याला आधार दिला त्यांना एक विशिष्ट कथा हवी होती. आणि मागणीच्या उष्णतेत आठवण व कल्पना ह्यांचे मिश्रण किती झाले असेल हे सांगावयास तो उरला नाही. दोष द्यावयाचाच तर आपल्या वाचकवर्गाच्या त्या अधीरतेला द्यावा, जी सोसणाऱ्याची नीरस यादी बाजूला सारून छळणाऱ्याच्या रंगीत पश्चात्तापाकडे धावते.

ही कसोटी व्यक्तीपुरती नाही. १९९० साली सोव्हिएट संघात श्रद्धास्वातंत्र्याचा कायदा झाला. पाडलेले कॅथीड्रल पुन्हा उभारले जाऊन २००० साली त्याचे समर्पण झाले. बुटोवोचे मैदान चर्चच्या स्वाधीन झाले. हे सर्व आनंदाचेच. परंतु २०१७ साली त्याच रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने यहोवाचे साक्षीदार ह्या पंथावर बंदी घातली आणि प्रार्थनेसाठी जमणे हा पुन्हा एकदा काही माणसांचा गुन्हा ठरला. हुतात्म्यांचे घुमट सोन्याने मढविणे आणि आज अल्पसंख्य असलेल्याच्या दारावर थाप न मारणे, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. गोमंतकातील आमच्या वाचकांना हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीची काही वर्षे वगळता, तेथे धर्मसमीक्षण न्यायालय ख्रिस्ताच्याच नावाने चालू होते. छळ करण्याची शक्ती ज्याच्या हाती येते त्याचा धर्म किंवा निधर्म पाहून ती थबकत नाही. म्हणूनच रशियातील ख्रिस्ती लोकांच्या सोसण्याचा आदर करताना त्याचा कोणा एका पक्षाच्या जयघोषासाठी वापर होऊ नये, ह्याचीही काळजी घ्यावी लागते.

आता अध्यापकमित्राच्या प्रश्नाकडे वळतो. पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, परंतु एकटे देऊ नये. त्याच्या जोडीला आयडाच्या खटल्याचे टिपण द्यावे आणि कैद्यांच्या यादीचे एखादे पान वर्गात मोठ्याने वाचावे. मुले प्रथम कंटाळतील. त्यांना छापे अधिक आवडतील. तेव्हा शिक्षकाने त्यांना इतकेच विचारावे की, ह्या दोहोंपैकी कोणत्या कागदावर नताशाला स्वतःचे नाव सापडले असते? उत्तराची घाई करू नये. ज्या विद्यार्थ्याला हा प्रश्न एकदा नीट कळला, तो पुढे कोणत्याही हृदयपालटाची कथा वाचताना सोसणाऱ्याचा आवाज शोधील, आणि वाङ्मयाच्या अध्यापनाकडून ह्याहून अधिक अपेक्षा आम्ही करीत नाही.